मागच्या खोलीतलं सारवण

१

लोधिवली मागे टाकून खालापूरकडे निघालं की रस्त्याला लागूनच मालोजीचं हाटेल होतं. हाटेल म्हणजे पुढे पेंढ्यानं शाकारलेली पडवी, दोन बाकडी आणि दिवसभर धगधगणारी चूल. पडवीमागे राहायची खोली, आणि तिच्याही मागे आणखी एक, बिनखिडकीची. त्या मागच्या खोलीला दार एकच, राहत्या खोलीतून. कोळशाची पोती, गुळाच्या ढेपी, पावसाळ्यात लाकडं, असलं सामान तिथे पडलेलं असायचं.

दिवस लढाईचे होते. पेट्रोल मिळेना म्हणून लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर चालवायला त्यांच्या पाठीला भट्ट्या बसवल्या होत्या, आणि त्या लॉऱ्या घाट गाठायच्या आधीच मान टाकायच्या. त्यामुळे हाटेलाशेजारच्या छपरात पोपटचं बरं चालायचं. पोपट मूळचा दहिवलीचा, पनवेलात एका मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकलेला. लॉरी दुरुस्त होईपर्यंत ड्रायव्हर बाकड्यावर बसून चहा पीत, आणि चहा करायची मालोजीची बायको, सुंदरा.

श्रावणात, बाजाराच्या दिवशी, मालोजी कर्जतला म्हणून सकाळी घरातून निघाला तो परत आलाच नाही. कर्जतच्या बाजारात त्याला कुणी पाहिलं नव्हतं. वाटेतल्या ओढ्यांना पूर होता, तेव्हा लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. दिवाळी झाली आणि पोपट छपरातला आपला बिछाना उचलून आत राहायला आला. लोक चार दिवस बोलले, मग तेही थांबले. तोवर सुंदरा त्याला 'काय रं पोपट' म्हणायची. त्या दिवसापासून ती त्याला 'तुमी' म्हणायला लागली, आणि ते पहिलं 'तुमी' ऐकून पोपटला इतकं सुख झालं की हातातला पाना घेऊन तो बराच वेळ नुसताच उभा राहिला.

फाल्गुनात एकदा त्याला जाड दोर हवा होता. मालोजीच्या वेळचा दोर मागच्या खोलीत खुंटीला असेल असं त्याला वाटलं. मालोजी गेल्यापासून त्या खोलीत कुणी जात नसे. सामान सुंदरानंच पुढे आणून ठेवलं होतं, 'आत ओल येते' म्हणून. पोपटनं कडी काढली, दार ढकललं आणि अनवाणी पाय आत टाकला.

पाय गार शेणात रुतला.

जमीन नुकतीच सारवल्यासारखी होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत. बाहेर ऊन असं की अंगणातली माती तडकलेली. पोपटनं पाय मागे घेतला. ओल्या सारवणात त्याच्या पावलाचा ठसा पाची बोटांनिशी उमटला होता. त्यानं दार ओढून घेतलं आणि दोराचं विसरून गेला.

२

त्याला ती जमीन आठवली, कारण ती त्यानं अशीच ओली एकदा पाहिली होती.

मालोजी गेला त्या दिवशी पोपट खोपोलीला गेला होता, एका लॉरीच्या स्प्रिंगचा पाटा आणायला. येताना, ज्या लॉरीतून तो परतत होता ती चिखलात बसली. सोबतच्या पहारीनं दगड सारून, खांदा लावून ती काढली, आणि दुपार कलल्यावर गुडघ्यापर्यंत माखून तो हाटेलावर पोचला. पहार विहिरीवर धुतली. पाणी मागायला राहत्या खोलीच्या दारापर्यंत गेला, तर मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतली जमीन ताजी सारवलेली. सुंदरा चुलीपाशी बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं, आणि तांब्या पुढे केला.

ऐन श्रावणात जमीन कोण सारवतं? वाळायला आठवडा लागतो. हा विचार पोपटच्या मनात तेव्हाही आला होता. पण मालोजी आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि पोपटनं तो विचार मुद्दाम मागे सारला. मालोजी मारणारा नवरा नव्हता. तो फक्त बघत राहायचा. पोपटनं चहाचा कप घेतला की मालोजीची नजर कपावरून सुंदराच्या हातावर आणि हातावरून तिच्या तोंडावर जायची. ती नजर गेली याचंच पोपटला बरं वाटलं होतं.

खालापूरचे फौजदार येऊन गेले तेव्हाही तो तिथेच होता. त्यांनी घर पाहिलं. मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी ते थांबले.

"हे ओलं आहे," ते म्हणाले.

"पावसाचं वाळत नाय साहेब," सुंदरा म्हणाली.

फौजदारांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि ते उंबऱ्यावरूनच परत फिरले.

तेव्हा पोपटनं सोडलेला सुटकेचा श्वास आता त्याला आठवला. आपण कुणासाठी श्वास सोडला होता? तिनं काय केलं असेल ते तिनं आपल्यासाठीच केलं असणार, एवढं तर त्याला तेव्हाच ठाऊक होतं. नाही का?

३

दुसऱ्या दिवशी सुंदरा विहिरीवर गेली तेव्हा त्यानं पुन्हा दार उघडलं. त्याच्या पावलाचा ठसा नव्हता. जमीन सारखी, गुळगुळीत, आणि ओली.

त्यानं डोकं शांत ठेवायचं ठरवलं. हाटेलामागे ओढा होता, उन्हाळ्यात आटायचा, पण जमिनीखालून झरा असेल. ओल वर चढत असेल, तीत ठसा बुजला असेल. त्यानं उंबऱ्यालगत आंगठा दाबून खळगा केला, चांगला खोल. संध्याकाळी खळगा नव्हता. झरा खळगा भरेल, पण त्यावर बोटांचे फेर काढील का? तिथे हाताच्या बोटांचे अर्धगोल फेर होते, एकावर एक, सारवताना पडतात तसे.

तो सुंदराच्या हातांवर नजर ठेवू लागला. भाकरी थापताना, कप विसळताना. नखं स्वच्छ असायची. पण बाई हात धुणार नाही का?

बुधी ठाकरीण डोंगरातल्या वाडीवरून लाकडाचा भारा घेऊन यायची. ती पूर्वी भारा थेट मागच्या खोलीत नेऊन टाकायची. आता तिनं तो अंगणातच उतरवला.

"आत नाय टाकत आता?" पोपटनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सारवलंय आत. पाय उमटतील."

"तुला काय ठाऊक सारवलंय?"

"वास येतोय की." बुधीनं डोक्यावरची चुंबळ काढून झटकली. "पाय उमटलेलं मालकांना खपत नाय."

"कुठला मालक?"

"तुमीच आता मालक," ती म्हणाली आणि चहा न घेताच वाटेला लागली.

४

मग घरात काहीतरी बिघडलं. भांडण नव्हतं. ती त्याच्या ताटात वाढायची, तो जेवायचा. पण तिनं चहा पुढे केला की तो आधी तिच्या कपाकडे बघायचा, ती पिते का. एक दिवस तिच्या ते ध्यानात आलं. तिनं त्याच्या कपातला घोट घेतला आणि कप परत त्याच्यासमोर ठेवला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीही बघत होती. तो छपरातून आत आला की तिचा हात थांबायचा. एकदा तिनं विचारलं, "पहार कुठं ठेवता तुमी?"

"छपरात. का?"

"काय नाय. दिसली नाय म्हणून."

पहार जिथे नेहमी असायची तिथेच होती, आणि ती चुलीपाशी बसल्या जागेवरून दिसायची.

चैत्रात पोपट तापानं पडला. सुंदरानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. ड्रायव्हर येऊन हाका मारून गेले, तिनं कुणाला ओ दिली नाही. ती त्याच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत राहिली, आणि मधेच, तो झोपलाय असं समजून, हळू आवाजात म्हणाली, "मला एकटीला टाकून जाऊ नगा. काय बी केलं असंल तुमी, तरी."

केलं असेल? पोपटनं डोळे मिटूनच ठेवले. ती काय म्हणाली ते तापलेल्या डोक्याला नीट उमगेना. दुपारची वेळ होती. रस्त्यावर लॉरी नव्हती, झाडावर कावळा नव्हता. आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून आवाज आला.

सर्र… सर्र…

ओल्या जमिनीवरून तळहात फिरत होता. दमादमानं, घाई नसलेल्या माणसासारखा. थोडं थांबून पुन्हा.

सारवतेय ती, पोपटच्या मनात आलं. शेवटी सापडली. तेवढ्यात त्याच्या कपाळावरचं फडकं उचललं गेलं, आणि सुंदराचा गार हात तिथे टेकला.

ताप होता, असं त्यानं नंतर स्वतःला बजावलं. तापात माणूस काहीही ऐकतो. पण हात कपाळावर असताना तिनं श्वास रोखून धरला होता, हेही त्याला आठवत राहिलं.

५

उठून हिंडू लागल्यावर त्यानं ठरवलं की आता हे संपवायचं. चौक गावी सुंदराची मावशी होती, आनंदीबाई. बऱ्याच दिवसांत गेली नाहीस, जाऊन ये, असं त्यानं दोन-तीनदा म्हटलं. एके सकाळी ती निघाली. ती वळणाआड गेल्यावर त्यानं पडवीला फळ्या लावल्या, पहार आणि घमेलं घेतलं आणि मागच्या खोलीत शिरला.

ओल वरच होती. सारवणाचा थर निघाला, त्याखाली चोपून बसवलेला मुरूम, कोरडा आणि घट्ट. पहार त्याच्यावर आपटून उसळायची. ही जमीन कुणी कधी उकरलेली नव्हती, हे पहिल्या काही घावांतच कळलं. तरी तो खणत राहिला. इथे नाही तर तिथे, दारापासून भिंतीपर्यंत. हातभर खाली सगळीकडे काळा कातळ लागला. कातळाखाली कोण कुणाला पुरणार?

तो खड्ड्यात बसकण मारून राहिला. अंगावरून घामाच्या धारा चालल्या होत्या आणि त्याला हसू येत होतं. इतके दिवस तो जिच्या शेजारी निजत होता, तिच्याविषयी काय काय मनात आणलं त्यानं.

"मिळालं?"

सुंदरा दारात उभी होती. मावशीसाठी घेतलेला डबा तिच्या हातात तसाच होता, न उघडलेला.

"तू गेली नाहीस?"

"अर्ध्यातून फिरले. तुमी मला घालवत व्हता. मला वाटलं, आज काढून दुसरीकडं नेणार."

"काय नेणार?"

तिनं खड्ड्याकडे पाहिलं, उकरलेल्या मुरमाकडे, कातळाकडे. मग ती उंबऱ्यावरच खाली बसली.

"त्या दिशी तुमी चिखलानं भरून आलता," ती म्हणाली. "पहार धुतलीत. मी समजले, वाटेत गाठलंत त्यांना. माझ्यापायी केलंत. म्हणून तोंड उघडलं नाय."

"आणि मी समजलो, तू. जमीन सारवलेली पाह्यली म्हणून."

"मी नाय सारवली."

"मग कोणी?"

"त्यांनीच. सकाळी जायच्या आधी." सुंदरा डोक्यावरचा पदर सारखा करत राहिली. "बाजाराला निघाले की ही खोली सारवून जायचे. स्वतःच्या हातानं, मला हात लावू द्यायचे नाय. दारातून आत कोण गेलं, कोण आलं, ते कळावं म्हणून. परत आल्यावर कंदील धरून पाय बघायचे. माझेच पाय असले तरी इचारायचे, का गेलीस, कुणाला घेऊन गेलीस."

"ते आठ महिन्यांमागचं. आताचं कोण सारवतं?"

"मला वाटायचं तुमी सारवता. खालचं झाकाया. मागनं कधीतरी इथं आणून पुरलं असंल म्हणून."

मग पोपटच हसला, आणि त्याला हसताना पाहून तीही हसली, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईतो. झराच आहे, तो म्हणाला. तिला तेच हवं होतं, ती लगेच हो म्हणाली. त्यानं तिला जवळ घेतलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा ती दोघं खोटं न बोलता जेवली. खड्डा उद्या बुजवू, त्यानं म्हटलं आणि दाराला कडी घातली.

६

सकाळी चांगलं उजाडल्यावर तो घमेलं घेऊन आला. सुंदरा त्याच्या मागे होती. त्यानं कडी काढली.

खड्डा नव्हता.

मुरूम होता तिथे परत गेला होता आणि त्यावरून जमीन सारवलेली होती, ताजी. शेणाचा हिरवा वास अंगावर आला. दारातून पडलेला उजेडाचा पट्टा अर्ध्या खोलीपर्यंत पोचत होता, आणि त्या पट्ट्यात हाताचे फेर स्पष्ट दिसत होते. मोठ्या हाताचे. सुंदराचा तळहात त्याच्या निम्म्यानं असेल.

पोपटच्या मनानं अजूनही हिशेब मांडून पाहिला. आपण झोपलो असताना कुणी आलं असेल. कुणीतरी खोडी काढतंय. मालोजी जिवंत असेल, लपून राहिला असेल, आत शिरून हे करून गेला असेल. हे शेवटचं त्याला पटायलाही लागलं. जिवंत माणसाशी गाठ पडलेली बरी.

मग सुंदरा त्याच्या खांद्याआडून हळूच म्हणाली, "फेर उलटे हायत."

तो समजला नाही.

"सारवताना भिंतीकडून सुरू करतात. मागं सरकत दाराकडं यायचं, म्हणजे बाहेर पडता येतं." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हे दाराकडून सुरू केलंय. आत सारवत गेलंय."

पोपटनं पाहिलं. उंबऱ्यालगतच्या फेरांवर पुढचे फेर चढले होते, त्यांवर त्यांच्या पुढचे, आत, आणखी आत, उजेडाच्या पट्ट्यापलीकडे. आणि या सगळ्या ओल्या जमिनीवर बाहेर येणारं एकही पाऊल नव्हतं.

त्यानं अंधाराकडे बघायला नको होतं. पण डोळे सरावले. समोरच्या भिंतीचा खालचा भाग चमकत होता, तोही सारवलेला. कोपऱ्यात काळोख जरा दाट होता, उकिडव्या बसलेल्या माणसाएवढा.

सर्र, आवाज आला.

काळोखातून एक कोपर बाहेर आलं. उजेडाच्या काठाला लागलं, ओलं, आणि मागे गेलं. पुन्हा बाहेर आलं. जो कोणी होता तो पाठ करून बसला होता आणि भिंत सारवत होता, दमादमानं, घाई नसलेल्या माणसासारखा. मग हात थांबला, जसा मागे कुणी उभं आहे हे कळल्यावर थांबतो.

पोपटनं दार ओढून घेतलं.

"काय दिसलं?" सुंदरानं विचारलं.

"काय नाय. तुला?"

"काय नाय," ती म्हणाली.

७

दुपारच्या आत त्यांनी जे उचलता आलं ते उचललं. पुण्याकडे जाणारी एक कोळशाची लॉरी पाण्यासाठी थांबली होती. ड्रायव्हर पोपटच्या ओळखीचा, सखा नावाचा. त्यानं फार विचारलं नाही. दोघं मागे पोत्यांवर बसली. हाटेलाचं पुढचं दार त्यांनी लावलंही नाही.

खालापूर गेलं, खोपोली आली. खोपोलीत लॉरी जरा थांबली तेव्हा सुंदरा रस्त्याकडेच्या दुकानांकडे बघत होती, एकेका दुकानाकडे, काहीतरी शोधल्यासारखी. मग घाट लागला. लॉरी कण्हत चढू लागली. खाली उन्हात सगळी खलाटी पसरली होती, आणि तिच्यात कुठेतरी ते छप्पर होतं. पोपटनं सुंदराचा हात हातात घेतला. तिनं घेऊ दिला.

"खडकीला कारखान्यात मिस्त्री हवेत," तो म्हणाला. "खोली बघू. फरशी असलेली."

"हं."

एका वळणावर लॉरी कलली, ती त्याच्या अंगावर आली आणि तशीच टेकून राहिली. त्याला वाटलं तिला झोप लागली.

"त्यो पाटा," ती म्हणाली.

"कुठला पाटा?"

"त्या दिशी आणायला गेलता. खोपोलीला." तिचे डोळे मिटलेलेच होते. "कुठल्या दुकानातनं घेतलात?"

पोपटनं सांगायला तोंड उघडलं. दुकान त्याला ठाऊक होतं, मघाशी ती दोघं त्यावरूनच आली होती. पण भर पावसातलं ते दुकान डोळ्यांपुढे आणायला त्याला एक क्षण लागला. फक्त एकच क्षण.

"पुलापलीकडचं," तो म्हणाला. "बोहऱ्याचं."

"हं," ती म्हणाली.

तिनं डोळे उघडले नाहीत. पण त्याच्या हातातला आपला हात तिनं हळूच सोडवून घेतला आणि पदराखाली ठेवला, आणि लोणावळा येईपर्यंत तो बाहेर काढला नाही.